अर्जंटच्या रणपिसेबाई

माझी नात हिंजवडीला अकराव्या मजल्यावर राहते. तिने मांजर पाळलंय. परवा मी गेले तेव्हा ते सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलं होतं आणि नात कौतुकाने म्हणाली, "आजी, बघ ना, किती शांत आहे. काही त्रासच नाही याचा."

मी चहाचा कप खाली ठेवला, पदर खोचला आणि गुडघ्यांची परवानगी न घेता जमिनीवर उतरले. मांजराला उलटं करून पोटावरचे केस बघितले. होते जागेवर. मग नातीच्या चार्जरची वायर सोफ्याखालून सरसर ओढत नेली. मांजराचे कान वळले, ढुंगण हललं आणि दुसऱ्या क्षणी ते माझ्या मनगटावर होतं. ओरखडा अजून आहे. नात घाबरून डेटॉल शोधायला धावली. मला हायसं वाटलं.

मांजर शांत आहे असं कोणी म्हटलं की मी आधी त्याचं पोट बघते. पंचवीस वर्षं बघतेय. नातीला वाटतं आजीचं आता वय झालं. वय झालंच आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. याचा संबंध रणपिसेबाईंशी आहे.

कसब्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही विश्रांतवाडीला ब्लॉक घेतला, ते दिवस नव्वदीच्या शेवटाचे. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. ओट्याला काळा ग्रॅनाइट, तोंड दिसेल अशा फरशा, टीव्हीवर साठ वाहिन्या. पाहुणे आले की मी आधी त्यांच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. आमचे हे म्हणायचे, "घर घेतलंय की दवाखाना, ते एकदा सांगून ठेव. म्हणजे मी कोणत्या नात्याने आत येतो ते मला कळेल."

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. समोरच्या दारावर पितळी पाटी: 'कु. सु. रा. रणपिसे, टेलिफोन ऑपरेटर (निवृत्त)'. तिच्याखाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात, 'दार उघडताच आत यावे. उंबऱ्यावर उभे राहून विचार करू नये. मांजर बाहेर जाते.'

मी त्या दारात पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन. जिन्यात सुक्या बोंबलाचा वास येत होता. मी त्याला स्वच्छतेचा प्रश्न म्हणत होते. त्या वयात मी ज्या ज्या गोष्टीला स्वच्छतेचा प्रश्न म्हटलं, तिच्यात केराचा संबंध क्वचितच होता, हे आता लिहायला हरकत नाही. बेल वाजवली. आतून आवाज आला, "उघडंच आहे. आत या, दार लावा आणि तीन मिनिटं बोलू नका. मी ड्यूटीवर आहे."

आत गेले तर बाई दिसेनात. दिसले ते पलंगाखालून बाहेर आलेले दोन तळपाय आणि कडक इस्त्रीच्या सुती साडीचा काठ. पलंगाखाली काहीतरी खसपसत होतं. मग एक जाड काळी दोरी वळवळत बाहेर आली, तिच्यामागे एक तपकिरी मांजर हवेतून आलं, दोरीचं टोक तोंडात धरलं आणि विजयी मुद्रेने टेबलाखाली घेऊन गेलं. त्याच्यामागून पासष्टीच्या बाई निघाल्या. उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि डोक्यावर मधोमध, केसांत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बसलेली एक पट्टी. तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजचा हेडफोन घातल्याची ती खूण होती. तिथे केस कधी उभेच राहिले नाहीत.

मी माझं भाषण केलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकणं हा त्यांचा धंदाच होता.

"बोंबील मी खात नाही, सोमणबाई," त्या म्हणाल्या. "मला आवडत नाहीत. ती खाते. तेव्हा तक्रार लेखी करणार असाल तर तिच्या नावाने करा. नाव अर्जंट."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की बाई उद्धट आहे. ह्यांनी विचारलं, मांजर कसं आहे? आमच्या ह्यांना नको तिथे नेमके प्रश्न सुचत.

नावाची हकिगत मला पुढे कळली. पूर्वी परगावी फोन लावायचा तर एक्स्चेंजला नंबर देऊन ताटकळत बसावं लागे. घाई नसेल तर ऑर्डिनरी कॉल, असेल तर अर्जंट आणि कोणी अत्यवस्थ वगैरे असेल तर लाइटनिंग. बाईंच्या पहिल्या मांजरीचं नाव होतं ऑर्डिनरी. ती मोकळी असायची. सकाळी जिन्यातून जायची, संध्याकाळी यायची. समोरच्या आळंदी रस्त्याचं काम सुरू झालं, खडीचे डंपर धावायला लागले आणि एका संध्याकाळी ती आली नाही. बाईंनी तिला रस्त्यावरून फावड्याने उचलून आणलं. हे त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं, तेही खिडकीकडे बघत. पुढचं मांजर आलं तेव्हापासून दार बंद.

"मी तिच्याकडून बाहेरचं सगळं काढून घेतलंय," त्या म्हणाल्या. "जीव वाचावा म्हणून. पण घेतलंय ना? मग ते आत भरून द्यायला नको?"

ते भरून देण्याचा त्यांचा उद्योग सकाळी सातला सुरू व्हायचा. बोंबलाचे बारा तुकडे करायचे आणि घरात बारा ठिकाणी लपवायचे. पुस्तकांच्या मागे, चपलेत, कागदाच्या बोळ्यात, कपाटावर. रोज जागा वेगळ्या. अर्जंट दीड तास घर हुंगत हिंडायची. वाटीत खाणं म्हणून कधी मिळालंच नाही तिला. दुपारी चारला दोरीचा खेळ. दोरी म्हणजे जुन्या स्विचबोर्डाची कॉर्ड, निरोपसमारंभात नारळ-शालीबरोबर मागून घेतलेली. खेळाचे नियम कडक होते. दोरी नेहमी मांजरापासून लांब पळाली पाहिजे, कारण उंदीर आपण होऊन मांजराच्या तोंडाकडे येत नाही. मध्येच थांबली पाहिजे, कारण उंदीरही दमतो. आणि शेवटी ती सापडलीच पाहिजे. "रोज हरणारं मांजर खेळ सोडतं," बाई म्हणायच्या. खेळ झाला की लगेच खाणं, मग ती अंग चाटणार, मग झोपणार. हा क्रम उलटा केलेला त्यांना खपत नसे.

आणि अर्जंटचं वर्तमानपत्र. बाई रोज फिरायला जात आणि येताना बाहेरची एक वस्तू आणत. कडुनिंबाची डहाळी, मुंग्या झटकून. भाजीवाल्याच्या पोत्याचा तुकडा. कबुतराचं पीस, वाळलेली शेंग, एकदा तर गाढवाच्या पाठीवरून पडलेली वीट. ती वस्तू दाराशी जमिनीवर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. अर्जंट यायची, मान पुढे काढून हुंगायची, कधी दहा मिनिटं. जणू अग्रलेख वाचतेय. बाई तोवर पंखासुद्धा लावत नसत.

त्या वर्षांत आमच्या इमारतीत रोज कोणाकडे तरी काहीतरी नवीन येत होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर. वस्तू वर चढायची आणि खोकं रणपिसेबाईंकडे जायचं. आमच्या लेकीचा, नीलूचा, कॉम्प्युटर आला, तेव्हा सगळी इमारत तो बघायला आमच्याकडे लोटली. बाई आल्या, पडद्याकडे एक कटाक्ष टाकला, छान आहे म्हणाल्या आणि खोकं उचलून चालत्या झाल्या. पावाच्या सुरीने अर्जंटसाठी त्याला तीन खिडक्या पाडल्या. आठवड्याने ते मोडीत, नवं खोकं हजर. मी ह्यांना म्हटलं, समोरची बाई कचरा जमवते. मी किती आत्मविश्वासाने बोलायची हो तेव्हा. आता आठवलं की माझी मलाच भीती वाटते.

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी कंपनीच्या बसने जायची ती रात्रीच यायची. त्यांच्याकडे एक पांढरीशुभ्र, कापसाच्या गादीसारखी मांजर होती. तिने पडदे फाडले, गादीवर घाण केली, आणि शेवटी ती मित्राच्या फार्महाउसवर सोडून द्यायची असं ठरलं. जाण्याच्या आदल्या रविवारी ती मुलगी जिन्यात रडत होती. "काकू, तिच्यासाठी सगळं ब्रँडेड आणलं आम्ही. बेड, बाउल, सगळं. तरी शी इज सो डिप्रेस्ड यार."

बाईंनी यार ऐकून घेतलं. मग तिच्या नवऱ्याला विचारलं की दिवसाचे किती तास कॉम्प्युटरसमोर बसता. दहा-बारा, तो म्हणाला. मध्ये कंटाळा आला की काय करता? तो जरा लाजला. थोडा वेळ गेम खेळतो म्हणाला, ब्रेक म्हणून.

"तिचा ब्रेक कोणाकडे आहे?" बाईंनी विचारलं.

मग त्या खाली उतरल्या. खिडकीशी स्टूल लावलं, कारण बाहेर शेवग्यावर साळुंक्या येत. पुस्तकांची एक फळी रिकामी करून मांजराला उंचावर बसायची जागा केली. सकाळी आणि रात्री दहा-दहा मिनिटं दोरी ओढायची, त्यानंतरच खाणं, असा हुकूम सोडला. तीन आठवड्यांत पडदे फाटायचे थांबले. मुलगी भेटवस्तू घेऊन वर आली. बाईंनी ती परत केली आणि तुमच्या नव्या फ्रिजचं खोकं कुठे टाकलंत, ते विचारलं.

मी हे सगळं दारातून बघत होते. शिकले काही नाही.

दोनेक वर्षांनी, कपाटावर तुकडा लपवताना बाई स्टुलावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि नंतर सहा आठवडे त्यांच्या भावाची मुलगी वंदना हिच्याकडे, लोणी काळभोरला, राहायचं ठरलं. वंदनाचं घर शेताला लागून, अंगणात दोन कुत्री, समोर सोलापूरचा हायवे. मांजर तिथे नेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं तोवर अमेरिकेला गेलं होतं. बाईंनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. उशीखालून किल्ली काढली आणि एक वही.

"मासे तुमच्या घरात न्यायला नकोत," त्या म्हणाल्या. "ती माझ्याच घरात राहील. तुम्ही फक्त जा. वहीत सगळं लिहिलंय. खायला तुम्ही घालालच, त्याची मला काळजी नाही. तिला कंटाळा येऊ देऊ नका. एवढंच."

मी हो म्हटलं. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही, पण गरजेपेक्षा जास्त.

पहिले चार दिवस मी वहीबरहुकूम वागले. रुमालाने नाक बांधून बारा तुकडे केले, बारा जागी लपवले. पाचव्या दिवशी माझ्यातली हुशार बाई जागी झाली. मुक्या जीवाचं अन्न लपवून ठेवायचं, ही काय चेष्टा? कॅम्पात तेव्हा परदेशी मांजरखाद्याची पाकिटं मिळायला लागली होती. वास नाही, घाण नाही. मी ते आणून मोठा स्टीलचा डबा काठोकाठ भरून ठेवला. खा, हवं तेव्हा. दोरीचा खेळ मी उभ्यानेच दोन मिनिटं करायची, मग तोही राहिला. साडी चुरगळायची ना. रस्त्याची धूळ येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. खोकी रद्दीवाल्याला दिली. फळीवरची पिसं, डहाळ्या, शेंगा केरात काढल्या. फरशी दोनदा पुसली. मग दारात उभी राहून मी त्या खोलीकडे बघितलं आणि मला वाटलं की बाई परत येतील तेव्हा किती खूश होतील.

दुपारी चारला लोणीहून फोन यायचा. बाईंचा फोनवरचा आवाज वेगळाच होता. समोर असताना त्या सुरीसारख्या बोलत. फोनवर मऊ, स्पष्ट, प्रत्येक अक्षर पुसून ठेवल्यासारखं. त्या विचारायच्या, आज काय नेलंत तिला? मी पहिल्यांदा गांगरले. मग म्हटलं, कडुनिंबाची डहाळी. हुंगली का? हुंगली म्हटलं. आधी लांबून, मग एक पंजा लावला, मग शिंकली. बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी मी चिंचेचं बुटूक नेलं, तिसऱ्या दिवशी गवताची जुडी. सोफ्यावर बसल्या बसल्या नेलं. पुढे पुढे मला त्यात रंगत यायला लागली. अर्जंटने पीस कसं पकडलं, कपाटावरून उडी कशी मारली, सगळं मी तपशिलात सांगायची. आमचे हे पेपराच्या आडून ऐकायचे. एकदा म्हणाले, "एवढं सांगतेस, तर एकदा खरंच करून का बघत नाहीस?" मी त्यांना चहा दिला नाही.

पलीकडच्या ब्लॉकमध्ये अर्जंट पहिला आठवडा दारामागे ओरडत होती. दुसऱ्या आठवड्यात तिने दाराची कड खरवडली. तिसऱ्या आठवड्यात आवाज बंद झाला. डबा जेमतेम एक बोट खाली जायचा. मी आत गेले की ती कोपऱ्यात असायची, कपाट आणि भिंत यांच्या मधे, तोंड भिंतीकडे. पोटावरचे आणि मागच्या पायांचे केस चाटून चाटून गेले होते. मला वाटलं उन्हाळ्याने झडतायत. मी पंखा लावून ठेवायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी मला नवीन काही सुचेना. म्हणून मी खरं बोलले. त्या सगळ्या महिन्यात एकदाच. म्हटलं, "आता काही त्रास नाही हो तिचा. अगदी शांत झालीय."

 

"शांत म्हणजे काय करते, सोमणबाई?"

"बसते. कोपऱ्यात."

"कोणत्या बाजूला तोंड करून?"

मी सांगितलं. त्यांनी ठेवते म्हटलं आणि फोन ठेवला. ऑपरेटर बाई कधी आधी फोन ठेवत नसत. त्या दिवशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यात टक असा आवाज झाला. बऱ्याच वेळाने पुन्हा टक. मी कठड्यावरून वाकून बघितलं. बाई वॉकर घेऊन चढत होत्या. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मागे वंदना हात धरून, लाल चेहऱ्याने, "आत्या, तू ऐकणार नाहीयेस का कोणाचं, डॉक्टर मला बोलणार," असं म्हणत होती, आणि बाई चढत होत्या. एक पायरी, विश्रांती, एक पायरी. तेवढ्या वेळात मी काय काय करू शकले असते. रद्दीवाल्याकडून एखादं खोकं परत आणू शकले असते. पण मी किल्ली हातात धरून कठड्यापाशी उभी राहिले. वरपर्यंत यायला त्यांना सव्वा तास लागला. साडी घामाने पाठीला चिकटली होती.

मी दार उघडलं. खोली लखलखत होती. पंखा चालू होता. डबा भरलेला होता. कोपऱ्यात अर्जंट आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि तिच्या मांड्यांची गुलाबी कातडी लांबूनही दिसत होती. बाईंनी हाक मारली. कान वळला नाही. पुन्हा हाक मारली. नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. वंदना पाणी आणायला आत गेली. मला वाटलं आता त्या बोलतील, आणि बोलाव्यात असं फार वाटत होतं. त्या बोलल्या, पण मला नाही. भिंतीला सांगितल्यासारख्या म्हणाल्या:

"एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं तेव्हा आम्हाला काढलं नाही कोणी. निवृत्तीला दोन वर्षं होती. सहा जणींना मिळून एक खोली दिली. खुर्ची होती, पंखा होता, चहा दोनदा यायचा. काम नव्हतं. पहिला महिना आम्ही हसलो. मग भांडायला लागलो. कुसुम सगळ्यांत भांडकुदळ. एक दिवस तिने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तशीच बसायला लागली. आम्ही पाच जणींनी म्हटलं, बरं झालं, शांत झाली एकदाची. मी सगळ्यांत आधी म्हटलं. मग ती यायची थांबली."

मी विचारलं, तुम्ही गेलात का तिच्याकडे?

"गेले. उशीर झाला होता."

पंखा फिरत होता. मी तो बंद केला. मग माझ्याने राहवेना. म्हटलं, डहाळ्या, पिसं, ते सगळं मी खोटं सांगत होते.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांचं ऐकलंय मी. पण तुम्ही सांगत छान होतात. चार वाजले की मला ऐकावंसं वाटायचं." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "म्हणून मी आधी विचारलं नाही. तेवढी चूक माझी. आता खाली व्हा. मला वाकता येत नाही."

मी खाली झाले. अठ्ठेचाळीसची पन्नाशी झाली होती तोवर, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पलंगाखाली पोटावर पालथी पडून दोरी ओढत होते. बाई खुर्चीवरून सांगत होत्या. हळू. थांबा. आता उंदीर दमला. दोरी कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. तीन दिवस नुसती जमीन पुसली गेली. चौथ्या दिवशी अर्जंटचा डावा कान वळला. बाकीचं मांजर भिंतीकडेच. त्या एका कानासाठी आम्ही दोघी सबंध संध्याकाळ श्वास धरून बसलो होतो. पूर्ण वळायला तिला महिना लागला.

ती बरी झाली. मागच्या पायांवर केस आले, पण तपकिरीच्या जागी पांढरे. पुन्हा शिकार, पुन्हा खोकी. एक गोष्ट मात्र राहिली. मी कधी रिकाम्या हाताने त्या घरात गेले की अर्जंट उठायची, सावकाश कोपऱ्यात जायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. बाई म्हणायच्या, मनावर घेऊ नका, मांजर आहे. पण मग मी रिकाम्या हाताने जायचंच सोडून दिलं.

बाईंचा खुबा त्या जिन्याने कायमचा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, घरात चाला, पायऱ्या बंद. तिसऱ्या मजल्यावरून बाई पुढची तीन वर्षं खाली उतरल्या नाहीत. यावर आम्ही कधी बोललो नाही. मी फक्त रोज बाहेरून काहीतरी आणायला लागले. शिरीषाचं फूल, उसाचं चिपाड, नदीकाठची शेवाळलेली दगडी चीप. बहिणीकडे कसब्यात गेले की तिथल्या कुंभाराकडून ओल्या मातीचा गोळा पदरात बांधून आणायची. दाराशी ठेवण्याआधी बाई वस्तू हातात मागून घेत. नाकाशी धरत. मातीचा तो गोळा त्यांनी इतका वेळ धरून ठेवला की अर्जंट खाली बसून कंटाळली. मग त्या विचारत, रस्त्यात काय काय बघितलंत? मी जे बघितलं तेवढंच सांगायची. कंटाळवाणं असलं तरी. एकाही झाडावर नसलेला पक्षी बसवला नाही. पण त्यांना माझी जुनी वर्णनं जास्त आवडत असावीत, कारण कधीकधी मध्येच म्हणायच्या, "बस? एवढंच?"

एक वाक्य माझ्याकडे तयार होतं. जिन्यातल्या त्या सव्वा तासाबद्दल, आणि त्याआधीच्या महिन्याबद्दल. साधंच वाक्य. रोज ते घेऊन मी समोरच्या दारात जायची आणि रोज आधी चहा व्हायचा, मग अर्जंटचं वर्तमानपत्र व्हायचं, मग कुकरच्या शिट्ट्या. आज नाही, उद्या बोलू. शिवाय मी आयुष्यभर इतकं बोलले होते, आणि ते एवढंसं वाक्य मात्र रोज माझ्याबरोबर परत घरी यायचं.

मग वंदनाने लोणीला नवं घर बांधलं, जाळीच्या व्हरांड्याचं, कुत्री पलीकडे. आत्याला आणि मांजरीला कायमचं घेऊन जायचं ठरलं. तिथे गेल्यावर दीडेक वर्षाने बाई वारल्या. मला फोनवर कळलं. पण माझ्यापुरत्या त्या गेल्या त्या निघण्याच्याच दिवशी.

चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. मांडीवर वेताची झाकणाची टोपली, तिच्यात अर्जंट. मी पुढे पुढे दारं उघडत होते. दुसऱ्या मजल्यावर बाई म्हणाल्या, जरा ठेवा. माणसांनी खुर्ची ठेवली. बाईंनी नव्या बिऱ्हाडाचा चपलांचा रॅक बघितला, तुळशीची कुंडी बघितली, कोणाच्या तरी लहान मुलाने भिंतीवर काढलेलं विमान बघितलं. पहिल्या मजल्यावर पुन्हा, जरा ठेवा. माणसं घामाघूम झाली होती. वंदना म्हणाली, आत्या, यांचे हात दुखतील गं. बाई म्हणाल्या, दुखू देत, मी तीन वर्षांनी येतेय इथे.

खाली जीप उभी होती. बाईंना मागच्या बाकावर खिडकीशी बसवलं. त्यांनी टोपली शेजारी ठेवली आणि काच वर आहे ना, याची दोनदा खात्री करून झाकण उघडलं. अर्जंटचं डोकं वर आलं. जन्मात पहिल्यांदा आळंदी रस्ता तिच्या इतक्या जवळ होता, अखंड वाहणारा. नव्या मोटारी, सहा आसनी रिक्षा, कंपन्यांच्या बसा, पाण्याचा टँकर, गाढवं.

मी काचेपाशी गेले. वाक्य तोंडात आणलं होतं, चहाबिहा काही मध्ये नव्हता. काचेवर बोट वाजवलं. एक बस डावीकडून आली आणि आतली दोन्ही डोकी, एक पांढरं आणि एक तपकिरी, तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे वळली. मग टँकर आला. पुन्हा दोन्ही डोकी, एकदमच. मी परत काच वाजवली. एक रिक्षा गेली. जीप सुरू झाली, वळली, रस्त्याला लागली. मागच्या काचेतून ती डोकी मला बराच वेळ दिसत होती, इकडे वळत, तिकडे वळत. मी हात वर करून उभी होते. त्या दोघींना सवड नव्हती.